बिनसाखरेची मंडई

रामाजीभाऊंच्या तोंडात 'कर्र' असा आवाज झाला आणि पंगतीतले सगळे हात थांबले.

सोमवारची दुपार होती आणि गावची मंडई होती गुरुवारी. मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा. दिवसा दुकानं, रात्री नाटक आणि घरोघर पाहुणे. पण रामाजीभाऊ, म्हणजे सोमाजीचे आरमोरीकडचे चुलतभाऊ, मंडईच्या तीन दिवस आधी बायकोसह येतात, मंडई उठल्यावर चार दिवसांनी जातात आणि मधल्या काळात 'आमच्याकडं बुवा असं नसते' हे एकच वाक्य निरनिराळ्या जागी बसून बोलतात. तर त्यांनी गालात बोट घातलं, भाताच्या शितांसकट एक खडा बाहेर काढला आणि ताटाच्या काठावर ठेवला. मग जिभेनं दाढ चाचपली.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेलं?" सोमाजीनं विचारलं.

"दाढ. टवका उडाला. आमच्याकडं बुवा भातात असे खडे नसते."

सगळ्यांच्या माना सोमाजीच्या बायकोकडे, आशाबाईकडे वळल्या. आशाबाईला डोळ्यांनी फार काही दिसत नव्हतं, तरी हे मात्र लख्ख कळलं. मान वळलेली कळायला कुठं डोळे लागतात! तिचा जीव शरमेनं एवढा एवढासा झाला आणि पुढच्याच क्षणी तिला असा राग आला, की हातातली वाटी ठाणकन खाली ठेवली गेली.

"गिरणीवाल्याले सांगा," ती सोमाजीवर खेकसली. "तांदूळ काढते का मुरूम काढते?"

सून चंचल चुलीपाशी उभी होती. तिचा चेहरा लालेलाल झाला होता, पण ते आशाबाईला दिसण्यातलं नव्हतं.

या घरात तांदूळ आशाबाई निवडते. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तिच्या हातात सूप दिलं, त्याला छत्तीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि जग दुधात बुडवून काढल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा तिनं चंचलला सांगून टाकलं होतं, "चूल तू घे, पाणी तू घे, निकेशचा डबा तू घे. पण सुपाले हात लावाचा नाई. ज्या दिवशी माह्या हातचं सूप गेलं, त्या दिवशी मी या घरची पाव्हणी." निकेश हा तिचा एकुलता एक मुलगा. तो बल्लारपूरला कामाला, आठवड्याला घरी येणार आणि डबा बांधून परत जाणार. चंचलनं मान हलवली होती.

तेव्हापासून रोज सकाळी आशाबाई ओसरीत सूप घेऊन बसायची आणि बोटांनी तांदूळ चाचपायची. रोज सात खडे निघायचे. सातच्या सात! ते ती तुळशीकडे भिरकावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "कोण म्हणते म्हातारीले दिसत नाई?" त्या सोमवारी मात्र सहाच निघाले होते. तिला वाटलं, गिरणीवाला सुधारला.

तो कसला सुधारतो.

ऑपरेशन करायला ती तयार नव्हती असं कुणाला वाटेल, तर तसंही नाही. दोनदा डोळ्यांच्या कॅम्पची गाडी तिला गावातून घेऊन गेली आणि दोनदा तशीच परत घेऊन आली. कारण साखर. पहिल्या खेपेला दोनशे अडुसष्ट, दुसऱ्या खेपेला दोनशे एकेचाळीस. "दोनशेच्या आत आणा, मग हात लावू," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. उजवा डोळा पिकत चालला आहे, आता फार थांबू नका. तिसरी गाडी येणार होती पुढच्या सोमवारी. त्यानंतरची थेट होळी झाल्यावर.

म्हणजे हाती सात दिवस, आणि ते सात दिवस कोणते? तर मंडईचे. ज्या आठवड्यात गावात माणूस पाण्याऐवजी चहा पितो आणि कुणाच्याही दारावरून गेलं तरी हातावर अनारसा पडतो, नेमका तोच आठवडा. आशाबाईला वाटलं, तारखा ठरवणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला विचारावं, बाबा रे, तुला मी काय केलं?

पण रामाजीभाऊंच्या दाढेनं काम केलं. सोमवारी दुपारी भांडी घासून झाल्यावर तिनं मनाशी ठरवलं, सात दिवस साखरेचा कण नाही, आणि रोज वीस फेऱ्या चालायचं. गोळ्या सुरूच होत्या. पुढच्या सोमवारी डोळा करूनच घरात पाय ठेवायचा. मग पाहू कोणाच्या दाताखाली काय येते ते.

तिची चूक एवढीच झाली, की हे तिनं सोमाजीला सांगितलं.

सोमाजी माणूस सोन्यासारखा. कामाच्या बाबतीतही तसाच, पेटीत ठेवून द्यावा असा. मंगळवारी सकाळी तो देवळाच्या पारावर जाऊन सांगून आला, "आमच्या घरी साखर बंद आहे." झालं! दहा वाजेपर्यंत अर्धं गाव घरी. काऊन बंद केली? कोणी सांगतलं? डॉक्टर पक्का आहे का? आणि एवढ्या लोकांना चहा नको? चंचलनं दोन गंज, म्हणजे दोन मोठी पातेली भरून, चहा केला. बायका बशीत ओतून भुरके मारत होत्या आणि आशाबाईला समजावत होत्या, की तोंडावर ताबा पाहिजे.

"अर्ध्या कपानं काय होते वो?" रामाजीभाऊंची बायको अंजनाबाई म्हणाली. "मंडई काय रोज येते?"

"मोतीबिंदू काय रोज येते?" आशाबाई म्हणाली.

मग सोमाजीनं मोठ्या मायेनं तिच्यासाठी वेगळा, बिनसाखरेचा चहा केला. स्वतःच्या हातानं. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा गोड आहे."

"नाई वो. टाकलीच नाई साखर."

"मंग हलवला कायनं?"

सोमाजीनं हातातल्या चमच्याकडे पाहिलं. चमचा साखरेच्या डब्यातला होता, आणि त्याला चिकटायची तेवढी साखर चिकटलेली होती. आशाबाईनं तो चहा अंगणात ओतला. "या माणसासंगं छत्तीस वर्षं काढली, तं सात दिवस काढणं काय कठीण आहे!" असं ती म्हणाली, पण तिला रडू यायला झालं होतं.

फेऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. रस्त्यानं चालावं म्हटलं तर रविवारी नहराच्या पाण्याजवळ वाघानं कोणाची तरी कालवड नेलेली. फॉरेस्टवाल्यांचा भोंगा दिवसातून दोनदा ओरडून जात होता, एकट्यानं फिरू नका, सकाळी लवकर फिरू नका, संध्याकाळी फिरू नका. मग माणसानं चालायचं कुठं, वाघाच्या पाठीवर? शेवटी सोमवारी संध्याकाळपासूनच आशाबाईनं मारुतीच्या देवळाभोवती फेऱ्या सुरू केल्या. वाट पायाखालची, सपाट, आणि भोवती माणसांचा राबता. पण देवळाभोवती फिरणाऱ्या बाईला कोणी 'फिरायला निघाली' म्हणत नाही. मंगळवारी दोघींनी विचारलं, बुधवारी सहा जणींनी, की नवस कोणता? पोराच्या पोराचा काय?

"साखरेचा," ती चालता चालता म्हणाली.

तेही खरं वाटलं त्यांना. एकीनं तर नारळ आणून दिला, तेवढा माझाही चढव म्हणून.

आता एवढ्या सगळ्या कटकटीत माणसाला एखादा तरी आडोसा लागतो. तो आशाबाईला घराच्या मागं सापडला होता. हलकं, लवकर येणारं धान नुकतंच मळून, चुरून झालेलं, आणि मागच्या वाडीत तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, नवा ढीग उभा होता. सकाळी नऊच्या सुमाराला त्यावर ऊन यायचं. ती एका मोठ्या गंजात नव्या तांदळाची गरम पेज घ्यायची, मीठ घातलेली, सोबत जवसाची चटणी, आणि तणसाला पाठ टेकून बसायची. पाठीला ऊब, पोटात ऊब, नव्या धानाचा वास, आणि कोणाचाही आवाज नाही. रामाजीभाऊंचासुद्धा नाही! एक कोंबडी तेवढी पायाशी यायची, तीही काही विचारायची नाही. चहा गेला तर जाऊ दे, पेज तर आहे, असं आशाबाई स्वतःशी म्हणायची. त्या पाव तासात तिला खरंच बरं वाटायचं. सकाळी एक गंज आणि दुपारी चहाच्या वेळेला, सगळे बशा घेऊन बसले की, आणखी एक.

गुरुवारी मंडई भरली. घरात पाहुणे चौदा. देवळापासून शाळेपर्यंत दुकानं, आणि पहिलंच दुकान जिलेबीचं, तिच्या अंगणापासून वीस पावलांवर. तुपाचा नाही, तेलाचा, पण काय तो वास! आशाबाईला ते दुकान पिवळ्या धुरासारखं दिसत होतं आणि नाकाला मात्र एकेक वेढा कळत होता. येणारा प्रत्येक पाहुणा हातात जिलेबीचा पुडा घेऊन येत होता आणि पहिला तुकडा घरच्या मोठ्या बाईला म्हणून तिच्याच पुढं करत होता. तिनं दिवसभरात अकरा वेळा नाही म्हटलं. बाराव्या वेळी तिच्या भाचीनं तुकडा सरळ तोंडाशी आणला, तेव्हा तिनं ओठ असे गच्च मिटले, की पाक हनुवटीवरून ओघळला. हनुवटी तिनं पदरानं पुसली. चाटली नाही. हे तिनं नंतर सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं.

रात्रीच्या नाटकाला ती गेली नाही. मागच्या वर्षी गेली होती आणि सगळं नाटक चंचलला 'आता कोण आलं वो?' असं विचारत ऐकलं होतं. पुढच्या रांगेतल्यांनी मागं वळून शुक शुक केलं होतं. पुढच्या वर्षी पाहीन, स्वतःच्या डोळ्यांनी, असं म्हणून ती झोपली.

शुक्रवारी सकाळी ती ताठ मानेनं उपकेंद्रात गेली. तिथली दिव्यानी सिस्टर वयानं लहान, बोलायला गोड. चार दिवस झालेत, साखर कुठवर उतरली ते पाहून घ्यावं, एवढाच आशाबाईचा विचार. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यावं हा विचार. दिव्यानीनं बोटाला टोचलं, मशीन टुं टुं वाजलं.

"काकू," ती म्हणाली, "दोनशे त्रेसष्ट."

"कोणाची?"

"तुमची."

"मशीन बिघडली तुही."

दिव्यानीनं दुसऱ्या बोटाला टोचलं. दोनशे एकसष्ट. आशाबाई स्टुलावरून उठलीच. चार दिवस! चार दिवस चहा नाही, अनारसा नाही, ऐंशी फेऱ्या, आणि काल अकरा जिलेब्या, नव्हे बारा! "मंग मी जिलेबी काऊन सोडली?" ती ओरडलीच. "सांग न! काऊन सोडली मी जिलेबी?"

"थांबा काकू, थांबा. साखर नाही खाल्ली न? मंग काय खाऊन राह्यल्या तुमी?"

"काहीच नाई. दोन वेळा भात, तो तं खावाच लागते. आन चहाच्या बदली पेज."

"पेज केवढी?"

आशाबाईनं दोन्ही हातांनी गंजाचा आकार दाखवला. मग दोन बोटं वर केली.

दिव्यानीनं कपाळाला हात लावला. "अवं काकू, पेज म्हणजे साखरच! भात म्हणजे साखरच! पोटात गेला का त्याची साखर होते. तुमी चहातली दोन चमचे सोडली आन गंजभर प्याल्या."

आशाबाईनं छत्तीस वर्षं तांदूळ निवडला, त्याच्या आधी बापाच्या बांधीत धान रोवलं, जन्मभर तोच खाल्ला. तांदूळ गोड असतो हे तिला आजवर एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, गोड खाऊ नका. भाताला काय गोड म्हणतात? पाण्याला कोणी ओलं म्हणून सोडतं का? या सगळ्या मुलखात एकाही घरी पेज ही काही खाण्यात धरायची वस्तू नव्हती. ती तणसाच्या ढिगापाशी बसून जी चार दिवस सुखानं प्याली, तीच तिच्या मुळावर उठली होती. घरच्यानं दगा द्यावा तसं वाटलं तिला.

"मंग खाऊ काय? माती?"

"भाकर खा. जवारीची. तीन दिवस आहेत, गोळ्या चुकवू नका, फेऱ्या सोडू नका. उतरते."

घरी येईपर्यंत ती रस्ताभर एकटीच बडबडत होती. या गावात जवारी आणायची कुठून? भाकरीचा तवा तरी कोणाकडे आहे? आणि भाकर! चंचल वरोऱ्याकडची, कापसाच्या आणि जवारीच्या मुलखातली. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिनं भाकर करू का विचारलं, तेव्हा आशाबाईनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आमच्याकडं भाकर आजाऱ्याले देतेत." त्यानंतर चार वर्षांत त्या पोरीनं भाकरीचं नाव काढलं नव्हतं.

आता कोणत्या तोंडानं सांगायचं? आशाबाईनं चुलीपाशी जाऊन, भिंतीकडे पाहत, जे झालं ते सांगून टाकलं. चंचलनं हात पुसले. ती आतल्या खोलीत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती फडक्यात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आली. दिवाळीला माहेरून आईनं दिलेलं जवारीचं पीठ. तवासुद्धा होता तिच्याकडे, खाटेखाली.

"तू करून खातेस?" आशाबाईनं विचारलं.

"कवा कवा. तुमी देवळात गेल्या का," चंचल म्हणाली.

चार वर्षं या घरात चोरून भाकर भाजली जात होती! इतर वेळी आशाबाईनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्या दिवशी तिच्यात तेवढं बळ नव्हतं. तिनं पहिली भाकर खाल्ली, वांग्याच्या भाजीसोबत. दुसरी खाल्ली. चांगली होती, आणि त्यामुळे तर तिला जास्तच राग आला.

शनिवार आणि रविवार तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. पाहुण्यांसाठी दोन्ही वेळा मोठ्या गंजात भात शिजायचा, त्याची वाफ घरभर फिरायची, आणि तिच्या ताटात मात्र भाकर. शनिवारी दुपारी रामाजीभाऊ एकाच बाजूनं चावत चावत म्हणाले, "आमच्याकडं बुवा, पाव्हण्यासमोर घरची बाई भाकर घेऊन बसत नाई."

आशाबाईचा घास हातातच राहिला. आठवडाभर साठलेलं सगळं एकदम वर आलं.

"रामाजीभाऊ," ती म्हणाली, "तुमच्याकडं एवढं सगळं चांगलं आहे, तं तुमी इथी आठ दिवस काय करून राह्यले?"

तेवढ्यात अंजनाबाईला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तीस वर्षं झाले," ती हुंदके देत म्हणाली, "तीस वर्षं मी हेच इचारीन म्हणून राह्यली." रामाजीभाऊ भात कालवत बसले. संध्याकाळी अंजनाबाई आपण होऊन देवळाभोवती फेऱ्या घालायला आली. दोघी बोलत बोलत चालल्या आणि वीसच्या जागी सत्तावीस फेऱ्या कधी झाल्या ते कळलं नाही. आशाबाईला वाटलं, एवढ्यासाठी तरी मंडई पावली.

सकाळची तणसापाशी बसायची जागाही तिनं सोडली नाही. पेज नाही तर नाही. कोमट पाणी घेऊन बसायची. ऊन तर तेच होतं ना, आणि कोंबडीही तीच.

सोमवारी गाडी आली. कॅम्पच्या रांगेत तिनं बोट पुढं केलं, तेव्हा डोळे मिटून घेतले होते. सोमाजी मशीनमध्ये वाकून पाहत होता, नर्सच्या आधी तोच ओरडला, "एकशे शहाऐंशी!" आणि आनंदाच्या भरात खिशातून पेढ्यांचा पुडा काढून त्यानं एक पेढा थेट तिच्या तोंडापुढं धरला.

"हाना कोणी तरी या माणसाले," आशाबाई म्हणाली. पण ती हसत होती.

उजवा डोळा झाला. दोन दिवसांनी ती हिरवी पट्टी आणि काळा चष्मा घेऊन घरी आली, आणखी तीन दिवसांनी पट्टी सुटली. पाहुणे गेले होते, रामाजीभाऊसुद्धा. सकाळी तिनं ओसरीत बसून सूप मागितलं. चंचल जरा घुटमळली. "डॉक्टर म्हणाले न, आई, आराम करा म्हणून."

"वाकू नका म्हणाले. बसू नका नाई म्हणाले. आण."

सूप मांडीवर आलं आणि आशाबाई पाहतच राहिली. दाणा न् दाणा वेगळा! पांढरा, लांबट, टोकाशी जरासा तुटलेला. दोन वर्षांत तांदळाला टोक असतं हेच ती विसरली होती. आणि त्या स्वच्छ तांदळावर खडे. तुरीच्या दाण्याएवढे मोठे, लालसर, अगदी वरवर. चाचपायचीसुद्धा गरज नव्हती. एक, दोन, तीन... सहा. तिनं ते तुळशीकडे भिरकावले आणि काळ्या चष्म्याआडून अंगण पाहत बसली, कारण आता अंगणही पाहण्यासारखं झालं होतं.

थोड्या वेळानं चंचल झाडायला आली. तुळशीपाशी पोचल्यावर तिनं झाडू टेकवला, वाकली, आणि एक एक करून सहा खडे उचलले. उचलले, पदराला पुसले, आणि कमरेला खोचलेल्या एका डबीत टाकले.

आशाबाई बारा पावलांवर बसली होती. बारा पावलांवरचं तिला दिसतं, हे चंचलच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

"चंचल. इथी ये. डबी आण."

डबी उघडली. सहाही खडे तिच्या ओळखीचे होते, डोळ्यांच्या नव्हे, बोटांच्या. हा खाचेचा. हा चपटा. हा एका बाजूनं गुळगुळीत. रोज हेच. दोन वर्षं रोज हेच.

"तांदूळ कोण निवडते?" तिनं विचारलं.

चंचल खाली पाहत म्हणाली, "मी. पहाटे. मंग हे टाकतो आन तुमाले देतो."

"काऊन?"

"तुमीच म्हणल्या होत्या न, आई. सूप गेलं तं मी पाव्हणी."

आशाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे दोन वर्षं ती लहान लेकरासारखी खेळत होती, आणि वर मिरवत होती, कोण म्हणते दिसत नाई! "मले येडी समजली काय तू?" ती ओरडली. मग तिला एकदम आठवलं. "हे सहाच आहेत. सातवा?"

"सातवा त्या सोमवारी तुमाले सापडला नाई," चंचल हळूच म्हणाली. "मी पूर्ण भात उलथापालथा करून पाह्यला. नाई भेटला. मंग पाव्हण्याच्या दाढेखाली..."

आठवडाभर सगळे आशाबाईला बोलले. ती गिरणीवाल्याला बोलली, आणि त्याहून जास्त चंचलला बोलली, भाजीवरून, चहावरून, उगाचच. आणि ही पोर एक शब्द न बोलता पहाटे उठून चौदा माणसांचा तांदूळ निवडत होती, खडे मोजून टाकत होती, आणि दुपारी भाकर भाजत होती. आशाबाईचा राग तर होताच, पण तो आता कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आत्ताच हे व्हायचं होतं का!

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि हट्टानं तांदूळ पाहायला लागली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चंचल तशीच उभी. बराच वेळ गेला. मग आशाबाईची बोटं थांबली. तिनं चिमटीत काहीतरी धरलं आणि उजेडात नेलं. तांदळाच्याच रंगाचा, कणीएवढा, पांढरा खडा.

"हा तुह्या डबीतला काय?"

चंचल वाकली. तिनं तो जवळून पाहिला, मग आणखी जवळून. "नाई, आई," ती म्हणाली. "हा माह्या नजरेतून सुटला."

आशाबाईनं तो खडा तुळशीकडे भिरकावला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

"उद्यापासून पहाटे उठाचं नाई," ती म्हणाली. "न निवडलेले आणाचे. आन आता जा, तवा ठेव. दोन भाकरी टाक. एक तुही."